कोकणातल्या कॉलेजांचे गणित विभाग: कार्यभार आहे, माणूस नाही

काजूबी (धागाकर्ती)

बारावीचा निकाल लागला की कोकण विभाग पहिला, ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. २०२४ ला बारावीचा निकाल ९७.५१ टक्के होता, दहावीचा ९९.०१. पेढे वाटून होतात. मग त्यातली जी मुलं इंजिनीयरिंगला, फार्मसीला किंवा मुंबईला जात नाहीत, ती आमच्याकडे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला येतात आणि त्यांना गणित शिकवायला पूर्णवेळ अशी मी एकटी असते.

रत्नागिरी जिल्ह्यातलं अनुदानित कॉलेज. नाव विचारू नका. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही लिहू नका. मंजूर पदं तीन. एक सर निवृत्त झाले, एक मॅडम दुसरीकडे प्राचार्य होऊन गेल्या. तेव्हापासून दोन्ही जागा तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. दरवर्षी जाहिरात, मुलाखत, मान्यता हे पहिल्यापासून सुरू. नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत गणपती होऊन गेलेले असतात. तोवर पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस, दुसऱ्याचं लिनियर अल्जिब्रा, तिसऱ्याचं टोपॉलॉजी ऑफ मेट्रिक स्पेसेस, सगळं माझ्याच गळ्यात. शिवाय बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं गणित. शिवाय आयटीचा विनाअनुदानित कोर्स, त्यांना डिस्क्रीट मॅथ्स हवं असतं, "मॅडम, आठवड्याला दोनच लेक्चर." शिवाय अख्ख्या कॉलेजचं वेळापत्रक, कारण गणितवाल्यांना वेळापत्रक जमतं असा सर्वांचा समज आहे. (जमतं, पण तो मुद्दा नाही.)

केमिस्ट्रीत माणूस नसला तर ते डोळ्यांना दिसतं. प्रयोगशाळेला कुलूप असतं, नॅकची (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची) समिती विचारते. गणिताला कुलूप लावण्यासारखं काही नाहीच. फळा आहे, वर्ग आहे, मुलं बसलेली आहेत, म्हणजे विभाग चालू आहे. त्यामुळे भरायला परवानगी मिळालेल्या मोजक्या जागा विषयांत वाटायची वेळ आली की गणित रांगेत शेवटी.

पुढच्या महिन्यात संस्थेची बैठक आहे. तिसऱ्या वर्षाला गणित मेजर (मुख्य विषय) म्हणून चालू ठेवायचं की बंद करायचं, ते तिथे ठरेल. मुलं कमी आहेत हे खरं आहे. मी काय मांडावं? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. "सरकारचं धोरणच तसं" हे पाठ आहे, ते सोडून बोलूया.

रोकठोक_रायगड

कडू वाटेल, पण मुलंच नसतील तर विभाग कशासाठी? आमच्याकडे बारावीलाच बरीच मुलं गणित सोडतात. नीट, नर्सिंग, फार्मसी यांना बायोलॉजी पुरतं. ज्यांना गणित आवडतं ती सीईटी देऊन इंजिनीयरिंगला. उरलेल्यांनी बी.एस्सी. गणित करून इथे करायचं काय? शाळेत शिकवायचं म्हटलं तरी बी.एड., मग टेट परीक्षा, मग पवित्र पोर्टलवर (शिक्षकभरतीची सरकारी वेबसाइट) नाव लागायची वाट. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० पासून सुरू होतं. पाच मुलांसाठी असे तीन प्राध्यापक करदात्यांनी का पोसायचे? गणितातच सांगा.

काजूबी

पाच नाहीत हो. पण आकड्यावरून भांडण नको, प्रश्न रास्त आहे.

आवक_जावक

कॉलेजच्या कार्यालयात आयुष्य गेलं, म्हणून थोडं हिशोबाचं लिहितो. रोकठोक, पद थेट मुलांच्या डोक्यांवर मिळत नाही. ते कार्यभारावर, म्हणजे आठवड्याला शिकवायचे तास किती भरतात त्यावर मिळतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं, सहयोगी आणि प्राध्यापक यांनी १४.

समजा तिन्ही वर्षांचं मिळून गणिताचं शिकवणं आठवड्याला ४० तास भरलं. ४० भागिले १६ म्हणजे अडीच. दोन पूर्णवेळ माणसं, उरलेले ८ तास तासिका तत्त्वावर. आता तिसऱ्या वर्षाचं मेजर बंद केलं आणि त्याचे १६ तास गेले असं धरा. उरले २४. म्हणजे दीड. एक पूर्णवेळ माणूस आणि तेच ८ तास. कागदावर एक अख्खं पद नाहीसं झालं. कोणी नोकरीवरून काढलेलं नसतं, त्यामुळे ओरडतही कोणी नाही. रिकामं पदच गेलं ना.

म्हणून मॅडम, बैठकीत वर्ग बंद करायचा की नाही एवढाच विषय आहे असं सदस्यांना वाटेल. तसं नाही. आज तो वर्ग बंद झाला तर उद्या शासनाने भरतीची दारं उघडली तरी तुम्हाला मागायला पद उरणार नाही. २०१८ साली अशी दारं थोडी उघडली होती, रिक्त जागांपैकी चाळीस टक्के, राज्यभरात मिळून ३,५८० पदं भरायला मान्यता मिळाली. ज्यांचा कार्यभार तपासून तयार होता त्यांचे प्रस्ताव पनवेलला सहसंचालक कार्यालयात वेळेत गेले. ज्यांचा नव्हता ते अजून "त्रुटी पूर्तता" करतायत.

सड्यावरून

+१. हे कोणी प्राचार्यांना वाचून दाखवा.

फेरीबोट

मी त्या "उरलेल्या ८ तासां"पैकी एक. सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा) झालोय. राहायला गुहागर तालुक्यात, शिकवायला दोन कॉलेजांत, एक खाडीच्या अलीकडे, एक पलीकडे. सकाळी धोपाव्याहून फेरीबोट पकडून दाभोळला उतरायचं, पुढे दापोलीची गाडी. दोन कॉलेजं का? कारण एका रिकाम्या पदाचा पूर्ण कार्यभार एका माणसाला देत नाहीत, तोडून दोघांत वाटतात. मग आम्हीही स्वतःला तोडून दोन कॉलेजांत वाटतो.

पैशांचं सांगतो, कारण कोणी सांगत नाही. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांना तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर सुचवला. राज्याचा तासिका दर त्याच्या खाली आहे, आणि तोसुद्धा घेतलेल्या तासाचाच. जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी अतिवृष्टीची सुट्टी जाहीर केली की मुलं खूश, माझे त्या दिवसाचे तास बुडाले. गणपतीची सुट्टी बिनपगारी. दिवाळी बिनपगारी. मे महिन्यात मी अस्तित्वातच नसतो. बिलं सहसा तुकड्यांत निघतात, कधी मार्चनंतर.

रोकठोक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मुलगा कॅल्क्युलसमध्ये अडकतो तो तासाला नाही अडकत. घरी जाऊन गणित सोडवायला बसतो तेव्हा अडकतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विचारायला येतो. दुपारी मी बोटीत असतो. एक सत्र असं गेलं की दुसऱ्या वर्षाला तो भूगोल नाहीतर आयटी घेतो. मग तुम्ही म्हणता मुलंच नाहीत.

मालवणी_खाजा

काजूबी मॅडम, तुमचा सगळा पटता. पण येक गोष्ट कोणीच लिवक नाय. घाटावरसून जो मास्तर हय येता तो पयल्या जूनात पावस बघून घाबारता आणि दुसऱ्या जूनात दुसरीकडची जाहिरात बघूक लागता. तेका दोष तरी काय देवचो? भाड्यान घर गावना नाय. गावात घरा बंद, मालक मुंबयक, चावी शेजाऱ्याकडे, पण भाड्यान देवक तयार नाय, कारण गणपतीक येवचा आसता मां! आमच्या हयल्या कॉलेजात गणिताक येक चांगलो पोरगो इल्लो, लातूरकडचो. वर्षभर लॉजवर रवलो. गेलो.

निवृत्त_गणिती

खाजा, हे फार खरं आहे. माझ्या काळात संस्थेने तीन खोल्या बांधून ठेवल्या होत्या बाहेरून येणाऱ्यांसाठी. आता तिथे आयक्यूएसीचं (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं) कार्यालय आहे.

तीसेक वर्षं दक्षिण कोकणात गणित शिकवलं. विभागात चार माणसं असायची तेव्हा प्रत्येकाचा एक विषय आपला असे. एकजण ॲनालिसिसवाले, एकजण अल्जिब्रा, मी नंबर थिअरीत रमणारा, आणि एक मॅडम ज्या ऑपरेशन्स रिसर्चपासून काहीही शिकवू शकत. कोणी रजेवर गेलं तर वर्ग रिकामा राहत नसे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपापसांत भांडायला माणसं होती. युनिफॉर्म कन्व्हर्जन्स मुलांपुढे आधी उदाहरणाने मांडावं की व्याख्येने, यावर आमचं एकदा आठवडाभर बिनसलं होतं. एकट्या माणसाचं कोणाशी बिनसणार? तो वर्षानुवर्षं तेच शिकवतो आणि त्याला कोणी विचारत नाही.

दुसरं म्हणजे पुढची वाट दाखवणं. प्रा. कुमारेसन यांनी १९९३ साली एमटीटीएस हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला, बी.एस्सी.च्या मुलांना महिनाभर खरं गणित करायला लावणारा. आमच्याकडून तिथे मुलं गेली. जाताना घरच्यांना समजावायला मी दोन घरी जेवून आलोय, "मुलीला महिनाभर पाठवायचं आणि नोकरी लागणार नाही, मग कशाला?" पुण्याहून होणारी माधव स्पर्धा, एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा, हे सगळं मुंबईतल्या मुलाला वर्गमित्राकडून कळतं. इथे ते कळवणारा माणूस वर्षभर जागेवर असावा लागतो. जॅमचा फॉर्म सप्टेंबरात निघतो आणि तासिकावाल्याची नेमणूकच सप्टेंबरात होते.

रोकठोक विचारतात बी.एस्सी. गणित करून काय करायचं. आमची मुलं बँकेत आहेत, विम्यात आहेत, सॉफ्टवेअरमध्ये आहेत, दोघं प्राध्यापक झाले. पण मान्य करतो, त्यांतला एकही कोकणात नाही.

रोकठोक_रायगड

तेच तर म्हणतोय! आपण माणसं तयार करायची आणि पुण्यामुंबईने न्यायची.

निवृत्त_गणिती

ते फार जुनं आहे हो. रत्नागिरीत जन्मलेले टिळक पुण्यात गणित शिकवत. १८९० साली ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि १८९१ मध्ये फर्ग्युसनला गणित शिकवायला आले ते धोंडो केशव कर्वे, दापोलीजवळच्या मुरुडचे. मग दापोलीजवळच्याच मुर्डीचे रघुनाथ परांजपे, १८९९ चे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, तेही परत येऊन फर्ग्युसनलाच. पुण्याच्या एका कॉलेजचं गणित दोन-तीन दशकं कोकणातल्या माणसांनी चालवलं. आणि गंमत बघा, एक गेला आणि वर्षभरात दुसरा आला. ना हरकत प्रमाणपत्र लागत नसावं.

आवक_जावक

बिंदुनामावलीही (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची, याची नोंद) नव्हती सर.

एप्सिलॉन_डेल्टा

मी देवगड तालुक्यातली, सध्या बाहेरच्या राज्यात पीएच.डी. करतेय. धागा वाचताना राहवलं नाही म्हणून लॉग इन केलं.

"कोकणात यायला माणूस तयार नाही" हे अर्धसत्य आहे. मी तयार आहे. माझ्यासारखे अजून चार ओळखते. गणिताची नेट परीक्षा इतर बऱ्याच विषयांसारखी यूजीसीची नसते, सीएसआयआरची असते, आणि ती काढायला जीव जातो. त्यानंतर मधली काही वर्षं विद्यापीठातल्या पदांसाठी पीएच.डी. लागणार की नाही याचा घोळ होता, २०२३ च्या जुलैपासून नेट-सेटवर किमान पात्रता पक्की झाली. तर एवढं सगळं करून मी दरवर्षी जाहिराती बघते. सिंधुदुर्गातल्या, रत्नागिरीतल्या. सगळ्या तासिका तत्त्वाच्या. कायम पदाची एक निघाली होती, तिचा बिंदू माझा नव्हता. ते ठीक आहे, आरक्षण हवंच. दुसरी निघाली, तिच्या मुलाखतीला जाऊन आलेल्या मित्राने सांगितलं की गणितावर दोन प्रश्न विचारले आणि बाकीचं बोलणं गणिताचं नव्हतं. कुठलं कॉलेज ते लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आईबाबा म्हणतात आंब्याचं बघ. तेही वाईट नाही. पण मग पीएच.डी. फंक्शनल ॲनालिसिसमध्ये कशाला केली.

हापूस_नको

@निवृत्त_गणिती सर, तुम्ही "कळवणारा माणूस" म्हणालात ना, ज्यांना तुम्ही कळवलंत त्यातला मी एक. गुपचूप लिहितोय, ओळखलंत तर इथे नाव घेऊ नका. जॅमचा फॉर्म तुम्ही भरायला लावला होता, फी पण तुम्ही भरली होती. आज डेटा सायन्समध्ये आहे.

निवृत्त_गणिती

ओळखलं. अक्षर अजून तसंच वाईट असेल.

रोकठोक_रायगड

भावना बाजूला ठेवून एक व्यवहार्य गोष्ट सुचवतो, हसू नका. प्रत्येक तालुक्यात गणित मेजर कशाला? तीन तालुक्यांनी मिळून एका कॉलेजात ठेवा. तिथे तीन पूर्णवेळ माणसं भरा. बाकी दोन कॉलेजांत पहिल्या दोन वर्षांचंच गणित. मुलं तिसऱ्या वर्षी एकत्र येतील, वर्ग भरेल, तुमचा कार्यभारही भरेल. नाहीतर ऑनलाइन घ्या.

काजूबी

हसत नाही, हा विचार मीही केलाय. कागदावर छान दिसतो. अडचण अशी की माझ्या वर्गात मुलीच जास्त आहेत. घरून सकाळची एसटी, परत पाचची एसटी, एवढीच त्यांना मुभा. वाडीवरून हायवेला यायलाच पाऊण तास. शेजारच्या तालुक्यात कॉलेज गेलं की मुलगे मुंबईला जातात आणि मुली इथेच राहून जो विषय शिल्लक असेल तो घेतात. म्हणजे विषय बंद झाल्याची किंमत कोण देतं ते उघड आहे. वसतिगृह दिलंत तर तुमची योजना उद्या मांडते.

ऑनलाइनचं म्हणाल तर लॉकडाऊनमध्ये मुलं रेंजसाठी सड्यावर (गावावरच्या पठारावर) जाऊन बसत होती. आता रेंज बरी आहे, पण इप्सिलॉन-डेल्टाची सिद्धता मोबाइलवर बघून ज्याला समजली असा मुलगा मला अजून भेटायचाय. (वरच्या प्रतिसादवाल्या मॅडमवर रोख नाही!)

एप्सिलॉन_डेल्टा

मला फळ्यावर बघूनही दुसऱ्या वर्षापर्यंत समजली नव्हती.

फेरीबोट

ओपन इलेक्टिव्हचं काय केलंत तुम्ही लोकांनी? नव्या धोरणात आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावा लागतो. आमच्या एका कॉलेजने "व्यवहारातलं गणित" म्हणून पेपर काढला: कर्जाचे हप्ते, टक्केवारी, स्पर्धा परीक्षांचं अंकगणित. वर्ग तुडुंब. तास वाढले.

काजूबी

आमच्याकडेही काढला, आणि भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपरही गणिताकडे आला, लीलावतीतली उदाहरणं घेऊन मजा येते. तासांच्या दृष्टीने आधार आहे हे कबूल. पण मला त्यात एक भीती वाटते. विभाग हप्ते आणि टक्केवारी शिकवूनच जगायला लागला तर तिसऱ्या वर्षाची गरज काय, असं हेच सदस्य विचारतील. आणि तिसरं वर्ष शिकवणं सुटलं की शिकवणाऱ्याचंही गणित सुटतं. मला स्वतःला मेट्रिक स्पेसेस शिकवायच्या असतात म्हणून मी दरवर्षी ते पुस्तक पुन्हा उघडते.

निवृत्त_गणिती

दोन्ही करा. इलेक्टिव्हने तास वाचवा, त्या तासांच्या जोरावर पद मागा. आणि मेजर बंद करायच्या ठरावाऐवजी "पूर्णवेळ नेमणूक होऊन तीन वर्षं झाल्यावर फेरविचार" असा ठराव मांडा. रिकाम्या पदांवर विभाग चालवून त्याची परीक्षा घेणं न्यायाचं नाही, हे एक-दोन सदस्यांना तरी पटेल. संस्थेत एखादे डॉक्टर किंवा वकील असतील, त्यांना आधी भेटा. बागायतदारांना मी समजावतो, त्यातले दोघे माझे विद्यार्थी निघतील.

मालवणी_खाजा

आणि घराचा बगा. नवीन मास्तरांका खोली दिल्याशिवाय जाहिरात काडू नको म्हणून सांगा. संस्थेच्या मेंबरांची घरा बंदच आसत.

काजूबी

हे मी ठरावात घालतेय, खरंच. खोलीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता.

तर बैठकीत तीन गोष्टी नेते: पाच वर्षांचा कार्यभार आणि त्याच वर्षांत नेमणूक कोणत्या तारखेला झाली याची तारखांसह यादी, सरांनी सुचवलेला फेरविचाराचा ठराव, आणि राहायची सोय. आवक_जावक, कार्यभाराचा तक्ता कार्यालयाकडे मागितला तर ते म्हणतात विद्यापीठाच्या नव्या क्रेडिटप्रमाणे अजून बसवलेला नाही. तो मी बसवू की त्यांनी?

आवक_जावक

तुम्ही बसवा, सही त्यांची घ्या. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०, हे धरून चाला. प्रॅक्टिकलच्या बॅच वेगळ्या दाखवा. गणितवाले बॅच दाखवायलाच विसरतात आणि तिथेच निम्मा कार्यभार गळतो. आयटीचे तास यात मिसळू नका, ते विनाअनुदानित आहे, तपासणीत पहिला लाल शेरा त्यावरच पडतो.

आणि सगळ्यांत आधी मागासवर्ग कक्षाकडून बिंदुनामावली शेवटची कधी तपासून आली ते कार्यालयात विचारा. जुनी असेल तर बैठकीची वाट बघू नका, सोमवारीच पाठवायला लावा. त्याशिवाय जाहिरातीला परवानगी मिळत नाही, आणि मग पुन्हा गणपती उजाडतील.